बी.कॉम. की बीबीए? इंदुरात बारावीनंतर ठरवायचं कसं

बी.कॉम. (वाणिज्य) आणि बीबीए (व्यवसाय प्रशासन) या दोन्हींपैकी कुठलीही पदवी एकटीच्या बळावर पगार ठरवत नाही. दोन्ही तीन वर्षांच्या, दोन्ही साधारण १२० क्रेडिटच्या, आणि नोकरीच्या जाहिरातीत "कोणताही पदवीधर" लिहिलेलं असलं की दोन्ही सारख्याच. फरक पडतो तो वेळेच्या हिशोबात. बी.कॉम.मध्ये दिवसाचा बराच भाग मोकळा राहतो. बीबीएमध्ये प्रेझेंटेशन, प्रोजेक्ट, गटचर्चा आणि इंटर्नशिप यांनी तो भरून जातो. म्हणून निवडताना विचारायचं ते हे: मोकळ्या वेळात करायचं काही पक्कं ठरलेलं आहे का? आणि बीबीए जो वेळ घेणार, त्यात खरोखर काही शिकवलं जातं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असेल तर बी.कॉम.ची तीन वर्षं परीक्षेच्या आधीच्या पंधरा दिवसांत आटोपतात आणि बाकीचा काळ वाया जातो. दुसऱ्याचं उत्तर "नाही" असेल तर बीबीएची फी स्लाइड सजवण्यावर खर्च होते. इंदुरात दोन्ही प्रकार भरपूर बघायला मिळतात.

आधी कागदावर पद लिहा

"मॅनेजमेंटमध्ये करियर" हे उत्तर धरू नका. पदाचं नाव लिहा: चार्टर्ड अकाउंटंट, अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह, बँकेतला प्रोबेशनरी ऑफिसर, एखाद्या कंपनीचा सेल्स ऑफिसर, एचआर रिक्रूटर, घरच्या दुकानाचा पुढचा मालक. नाव सुचत नसेल तर नोकरीच्या कुठल्याही साइटवर इंदूर आणि फ्रेशर एवढंच टाकून वीस जाहिराती वाचा आणि वहीत चार रकाने करा: पद, कोणती पदवी मागितली, कोणतं सॉफ्टवेअर मागितलं, पगार किती. एका संध्याकाळचं काम आहे, पण कुठल्याही समुपदेशकाच्या भाषणापेक्षा उपयोगी. अकाउंट्स आणि करकामाच्या जाहिरातींत बहुधा बी.कॉम. किंवा एम.कॉम. स्पष्ट लिहिलेलं असतं आणि सोबत टॅली, एक्सेल, जीएसटी. विक्री, बँकिंग आणि ग्राहकसेवेच्या जाहिरातींत कुठलीही पदवी चालते. एचआर आणि मार्केटिंगमध्ये बीबीएचं नाव दिसतं, पण बऱ्याचदा "एमबीएला प्राधान्य" असंही जोडलेलं असतं. त्या दोन शब्दांकडे दुर्लक्ष करू नका. बीबीएनंतर एमबीए करावंच लागेल असं त्या क्षेत्राचं म्हणणं आहे.

कोणत्या पदवीने कोणतं दार बंद होतं

खरं तर फार कमी दारं बंद होतात. एमबीएच्या कॅट या प्रवेश परीक्षेला पदवीत किमान ५० टक्के लागतात (अनुसूचित जाती, जमाती व दिव्यांगांना ४५), पदवी कुठलीही चालते. बँक पीओला कुठलाही पदवीधर चालतो, वय २० ते ३०. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी परीक्षेला खुल्या वर्गासाठी पदवीत ६० टक्के लागतात, म्हणजे तिथे पदवीच्या नावापेक्षा टक्केवारी आडवी येते. पहिल्या दोन सेमिस्टरमध्ये "पुढे बघू" म्हणत ५२ टक्क्यांवर समाधान मानणाऱ्याला हे तिसऱ्या वर्षी कळतं, तेव्हा सरासरी वर ओढणं कठीण जातं.

बीबीए करणाऱ्याने एक गोष्ट आधी तपासावी: पुढे शाळेत किंवा कॉलेजात कॉमर्स शिकवायचा विचार आहे का? त्या वाटेवर एम.कॉम. लागतं, आणि एम.कॉम.ला बीबीए चालतं की नाही हे प्रत्येक विद्यापीठ आपापलं ठरवतं. बी.कॉम.वाल्याला ही अडचण येत नाही.

सीएची गोष्ट जरा सविस्तर बघावी लागेल, कारण इंदुरात या निर्णयाच्या मागे निम्म्या वेळा सीएच असतं.

सीए करायचं असेल तर घड्याळ पाहून निवडा

जुलै २०२३ पासून सीएची नवी योजना लागू आहे. बारावीनंतर फाउंडेशनचे चार पेपर, मग इंटरमीडिएटचे दोन ग्रुप मिळून सहा, दोन वर्षांची आर्टिकलशिप (सीए फर्ममध्ये प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण), ती संपल्यावर सहा महिन्यांनी फायनल, तेही सहा पेपर. फाउंडेशनला प्रत्येक पेपरात ४० आणि एकूण ५० टक्के लागतात. गणित-संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्र हे दोन पेपर वस्तुनिष्ठ, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. परीक्षेआधी चार महिन्यांचा अभ्यासकाळ दाखवावा लागतो, म्हणून नोंदणीच्या तारखा १ जानेवारी, १ मे आणि १ सप्टेंबर. बारावीच्या वर्षात १ जानेवारी चुकली की मे-जूनची फाउंडेशन गेली आणि चार महिने हातचे गेले. दरवर्षी हमखास होणारी चूक ही.

सगळं पहिल्या फेरीत निघालं तरी बारावीनंतर साडेतीन-चार वर्षं जातात, आणि पदवी याच काळात उरकायची असते. आता वेळापत्रक मांडून बघा. फाउंडेशन आणि इंटरच्या काळात कोचिंगचे चार-पाच तास आणि स्वतःचा अभ्यास तेवढाच. मग आर्टिकलशिप सुरू झाली की फर्ममध्ये पूर्ण दिवस. आर्टिकलशिप चालू असताना पदवीचं शिक्षण घ्यायचं तर सीए इन्स्टिट्यूटची परवानगी लागते, त्यासाठी फॉर्म ११२ भरतात, आणि कॉलेजच्या तासांची वेळ ऑफिसच्या वेळेत येता कामा नये. सकाळी साडेसात ते अकरा भरणारं बी.कॉम. या चौकटीत बसतं. दुपारी तीन-चारपर्यंत चालणारं, ७५ टक्के हजेरीवर अडून बसणारं आणि दर आठवड्याला प्रेझेंटेशन मागणारं बीबीए बसत नाही. मग मुलगा दोन्हीकडे अर्धा राहतो: कॉलेजात हजेरी कमी म्हणून दंड, आणि इंटरचा एक ग्रुप परत परत.

तेव्हा सीएची निम्मी जरी खात्री असेल तरी आमचं मत स्पष्ट आहे: घराजवळचं, सकाळचं, स्वस्त बी.कॉम. घ्या. कॉलेजचं नाव इथे जवळजवळ बिनकामाचं आहे. सीए झाल्यावर बी.कॉम. कुठून केलंत हे विचारणारे लोक थोडेच.

दुसरी वाट पदवीनंतरची, थेट इंटरमध्ये प्रवेशाची, जिला डायरेक्ट एन्ट्री म्हणतात. तिथे वाणिज्य पदवीधराला ५५ टक्के लागतात आणि इतर पदवीधराला ६०. आता बीबीएवाला यात कुठे मोडतो? नियमात हिशोब, ऑडिट, व्यापारी कायदे, कंपनी कायदे, अर्थशास्त्र, व्यवस्थापन, कर, कॉस्टिंग, व्यवसाय प्रशासन यांसारख्या विषयांपैकी १००-१०० गुणांचे किमान तीन पेपर झालेले असण्याची अट आहे. बऱ्याच बीबीए अभ्यासक्रमांत ती पुरी होते. पण प्रवेशाआधी सहाही सेमिस्टरची विषययादी हातात घेऊन हे तीन पेपर आणि त्यांचे गुण मोजा. आठवी-नववी इयत्ता असल्यासारखं "होतं हो सगळं" या उत्तरावर भागवू नका.

विषययादी कशी वाचायची

कॉलेजच्या माहितीपत्रकात फोटो असतात, विषय नसतात. सिलॅबस विद्यापीठाच्या साइटवरून काढा. देवी अहिल्या विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांचा अभ्यासक्रम साधारण सारखाच असतो, त्यामुळे ती यादी एकदाच काढली तरी पुरते. स्वायत्त कॉलेजं आणि खासगी विद्यापीठं मात्र आपापला सिलॅबस बनवतात, तिथे प्रत्येकाचा वेगळा मागावा लागतो.

मध्य प्रदेशात २०२१-२२ पासून नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), इलेक्टिव्ह (ऐच्छिक), व्होकेशनल (व्यवसायाभिमुख), फाउंडेशन कोर्स (पायाभूत विषय, सीएचं फाउंडेशन नव्हे) आणि प्रोजेक्ट किंवा इंटर्नशिप असे त्यात भाग पडतात. बी.कॉम.मध्ये मेजर-मायनर निवडताना मैत्रिणीने घेतलं म्हणून घेतलं, असं करू नका. हिशोब मेजर असेल तर मायनर कर किंवा वित्त घेणं बरं, कारण अकाउंट्सच्या नोकरीत हे दोन्ही रोज लागतात. व्होकेशनलमध्ये टॅक्स असिस्टंट किंवा ई-अकाउंटिंगसारखा पर्याय मिळाला तर तो आधी घ्या.

बीबीएची यादी पाहताना पेन्सिलने दोन प्रकारच्या खुणा करा. हिशोब, वित्त, कर, कायदा, सांख्यिकी आणि डेटा यांपुढे एक खूण. व्यवस्थापनाची तत्त्वं, संघटनात्मक वर्तन, व्यक्तिमत्त्व विकास, संवादकौशल्य, नेतृत्व यांपुढे दुसरी. दुसऱ्या खुणा पहिल्यांच्या दुप्पट निघाल्या तर तो कोर्स एमबीएच्या पहिल्या वर्षाची पातळ केलेली आवृत्ती आहे. पुढे एमबीए करणारच असाल तर तेच विषय, गरजांच्या उतरंडीचा तोच मॅस्लो आणि मार्केटिंगचे तेच फोर पी दुसऱ्यांदा, आणि तेही जास्त फी देऊन ऐकाल. एमबीए नक्की असलेल्या मुलाला बीबीएची गरज नाही, हे ऐकायला विचित्र वाटतं पण बहुतेक वेळा खरं आहे.

सिलॅबस कागदावर ताजा आहे की शिकवण्यातही ताजा आहे, यासाठी एक सोपी परीक्षा. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू झाला आणि "मागील वर्ष" व "निर्धारण वर्ष" ही जोडी जाऊन "करवर्ष" आलं. करविषयाच्या मास्तरांच्या किंवा सीनियरच्या नोट्समध्ये अजून १९६१च्या कायद्याचीच कलमं पाठ करवून घेत असतील तर काय ते समजा. (जुन्या वर्षांच्या प्रकरणांसाठी जुना कायदा लागतोच, पण नुसता तोच शिकवणं वेगळं.)

सीनियरला विचारायचे दोन प्रश्न

प्राध्यापकांपेक्षा तिसऱ्या वर्षाची मुलं खरं सांगतात. कॉलेजच्या बाहेर चहाच्या टपरीवर गाठा.

बी.कॉम.वाल्याला विचारा: महिन्याच्या ७, ११, १४ आणि २० तारखेला अकाउंट्सच्या टेबलावर काय असतं? ७ तारखेपर्यंत टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) भरायचा, ११ला जीएसटीआर-१ हे विक्रीचं विवरण, १४ला जीएसटीआर-२बी हे खरेदीवरच्या कराचं विवरण तयार होतं ते खरेदीच्या रजिस्टरशी जुळवायचं, २०ला जीएसटीआर-३बी, म्हणजे कर भरण्याचं विवरण. सियागंजातली किराणा पेढी असो, एमटी क्लॉथ मार्केटमधलं दुकान असो की सांवेर रोडचा कारखाना, दर महिन्याला पूर्ण भरणाऱ्या प्रत्येकाचं चक्र हेच. ५० हजारांवरचा माल राज्याबाहेर निघाला की ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचं ऑनलाइन बिल. ज्या मुलाला हे माहीत आहे तो पहिल्या दिवसापासून कामाचा. ज्याला नाही, त्याच्या कॉलेजने गाइड वाचून परीक्षा काढायला शिकवलं.

बीबीएवाल्याला विचारा: इंटर्नशिपमध्ये रोज कुठे जात होतास आणि रिपोर्ट कोणाला द्यायचास? खरी इंटर्नशिप केलेला मुलगा लगेच सांगतो, अमुक डिस्ट्रिब्युटरच्या बीटवर (ठरलेल्या फेरीवर) दिवसाला तीस दुकानं, संध्याकाळी ऑर्डर शीट, स्कीमचे क्लेम कसे अडकतात. खोटी केलेला म्हणतो, "कंपनीचा ओव्हरऑल स्टडी केला." प्रोजेक्ट रिपोर्ट बाजारात बांधून मिळतो, अनुभव मिळत नाही. तिथे किती आठवड्यांची इंटर्नशिप होती, कंपनी कॉलेजने दिली की काकांच्या ओळखीने लेटरहेड मिळवलं, हेही विचारा. अर्ध्या वर्गाने लेटरहेडच मिळवलं असेल तर बीबीए घेण्याचं मुख्य कारणच संपतं.

प्लेसमेंटचे आकडे उलगडून बघा

इथे सर्वात जास्त फसवणूक होते, आणि ती बहुधा खोटं न बोलता होते.

"९५ टक्के प्लेसमेंट" म्हणजे कशाचे ९५ टक्के? समजा वर्गात १२० मुलं आहेत. कॉलेजने ६० टक्क्यांची अट, बॅकलॉग नसण्याची अट आणि प्लेसमेंट सेलची नोंदणी फी लावली. नोंदणी झाली ४० जणांची. ऑफर मिळाली ३८ जणांना. जाहिरातीत ९५ टक्के, प्रत्यक्षात वर्गातल्या ३२ टक्क्यांहूनही कमी. म्हणून तीन आकडे वेगवेगळे मागा: एकूण मुलं, नोंदणी केलेली मुलं, आणि रुजू झालेली मुलं. "ऑफर" आणि "रुजू" यांतही अंतर असतं, एकाच मुलाच्या तीन ऑफर तीन वेळा मोजल्या जातात.

दुसरं, सरासरी पॅकेज. दहा मुलांपैकी एकाला ९ लाख, एकाला ६ लाख आणि आठ जणांना प्रत्येकी २ लाख ४० हजार मिळाले, तर सरासरी येते ३ लाख ४२ हजार. पण रांगेत मध्यावर उभा असलेला मुलगा २ लाख ४० हजारच घेतो. या मधल्या आकड्याला मध्यक म्हणतात, आणि तुमच्या मुलीला काय मिळेल याचा अंदाज तोच देतो. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना आपला भरलेला तपशील साइटवर ठेवावा लागतो. त्यात प्रवेश घेतलेले, वेळेत उत्तीर्ण झालेले, नोकरीला लागलेले, पुढे शिकायला गेलेले आणि मध्यक पगार हे सगळं असतं. ती पीडीएफ शोधा. काही संस्थांमध्ये इंजिनिअरिंगची, बीबीएची आणि बी.कॉम.ची मुलं त्या आकड्यांत एकत्र मोजलेली असतात. तेव्हा "नुसत्या बीबीएच्या बॅचचा आकडा द्या" असं लेखी, ईमेलवर विचारा. उत्तर तोंडीच देतात, लेखी टाळतात, असं झालं तर तुम्हाला उत्तर मिळालं.

तिसरं, सीटीसी, म्हणजे कंपनीला तुमच्यापोटी पडणारा एकूण खर्च. ३ लाख ६० हजारांचं पॅकेज म्हणजे महिना ३० हजार, असा हिशोब घरात होतो. १५ हजार मूळ वेतन धरलं तर कंपनीचा पीएफचा वाटा १,८००, ग्रॅच्युइटीपोटी सुमारे ७२०, मुलाचा स्वतःचा पीएफ १,८००, आणि कामगिरीवर अवलंबून असलेला दहा टक्के भाग ३,०००. हातात येतात २२-२३ हजार, त्यातून व्यवसाय कर वेगळा. विक्रीच्या नोकरीत तो बदलता भाग तीस-चाळीस टक्केही असतो. टार्गेट चुकलं की तो भाग गेला.

फी आणि कर्ज

माहितीपत्रकातली फी ही फक्त ट्यूशन फी असते. परीक्षा फी, विकास शुल्क, ग्रंथालयाची अनामत, बस, "इंडस्ट्री सर्टिफिकेशन", शैक्षणिक सहल, ब्लेझर हे धरून तीनही वर्षांची एकूण रक्कम एका ओळीत लिहून मागा, आणि दरवर्षी वाढ किती टक्के तेही. एखाद्या मोठ्या कंपनीच्या नावाने चालणारा बीबीए असेल तर त्या कंपनीचे किती तास असतात, प्रमाणपत्र कोण देतं आणि जास्तीची फी किती, हे तीन प्रश्न.

दोन पर्यायांतला फरक महिन्यात मोडून बघितला की डोळे उघडतात. एकीकडे तीन वर्षांची फी ५० हजार आणि दुसरीकडे साडेचार लाख, तर फरक चार लाखांचा, म्हणजे छत्तीस महिने दरमहा ११ हजार. एवढ्यात टॅली, ॲडव्हान्स्ड एक्सेल, इंग्रजी आणि सीए फाउंडेशनचं कोचिंग करूनही पैसे उरतात.

कर्ज काढणार असाल तर हे गणित करा. वर्षाला २ लाख फी, तीन हप्ते, १० टक्के व्याज, हप्ता सुरू होणार कोर्स संपल्यावर एक वर्षाने. त्या काळातलं साधं व्याजच १ लाख ८० हजार होतं. म्हणजे सात वर्षांत फेडायचे ७ लाख ८० हजार, हप्ता साधारण १२,९५०. वर काढलेल्या २२-२३ हजारांतून तो वजा करा आणि मग पुण्यात किंवा बेंगळुरूत खोली घेऊन राहायचा विचार करा. ज्या कोर्सचा मध्यक पगार एवढाच आहे त्यासाठी एवढं कर्ज काढू नये, असं आमचं सरळ मत. कोर्स चालू असतानाच व्याज भरत गेलात तर हप्ता दहा हजारांच्या आत येतो.

मूळ निवासी दाखला आणि समग्र आयडी (मध्य प्रदेशातला कुटुंब-ओळख क्रमांक) आधीच काढून ठेवा. मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनेला मध्य प्रदेश माध्यमिक शिक्षण मंडळात (माशिमं) ७० आणि सीबीएसईत ८५ टक्के लागतात, शिवाय उत्पन्नाची अट आहे. आपलं कॉलेज आणि कोर्स त्या यादीत आहे का हे पोर्टलवर पाहूनच त्या पैशांचा हिशोब धरा. "मिळेलच" म्हणून सांगणाऱ्या प्रवेश काउंटरवर विसंबू नका.

मान्यता

२०२४-२५ पासून बीबीए, बीसीए (संगणक) आणि बीएमएस (व्यवस्थापन) हे कोर्स एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या कक्षेत आले. संलग्न कॉलेजमधला बीबीए असेल तर त्याचं चालू वर्षाचं मान्यतापत्र एआयसीटीईच्या साइटवर शोधा, त्यात मंजूर जागा किती तेही दिसतं. बी.कॉम.ला ही भानगड नाही. याचाच एक परिणाम महाराष्ट्राच्या बाजूला झाला: तिथे बीबीए-बीएमएससाठी २०२४ पासून राज्याची सीईटी सुरू झाली, आणि मुंबईतल्या काही कॉलेजांनी आपला बीएमएस नाव बदलून बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) केला. मावशी पुण्यात आहे म्हणून तिकडच्या बीबीएचा विचार करत असाल तर त्या सीईटीची तारीख इंदुरात बसून चुकवू नका, आणि मध्य प्रदेशातून बारावी केलेली मुलं तिथे राज्याबाहेरची धरली जातात हेही लक्षात असू द्या.

इंदुरातले अर्ज आणि त्यातल्या खोड्या

इंदुरात प्रवेशाच्या ढोबळ तीन वाटा आहेत, आणि तिन्हींचे फॉर्म वेगळे.

देवी अहिल्या विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांसाठी, म्हणजे खंडवा रोडच्या तक्षशिला परिसरातल्या आयआयपीएससारख्या संस्थांसाठी, सीयूईटी ही देशपातळीवरची सामाईक प्रवेश परीक्षा लागते. आयआयपीएसमध्ये बी.कॉम. ऑनर्स आहे आणि बारावीनंतरचा पाच वर्षांचा एमबीए आहे. सीयूईटीत एका विषयाचा पेपर ६० मिनिटांचा, ५० प्रश्न, बरोबरला ५ गुण, चुकीला १ वजा. सर्वाधिक मुलं अडकतात ती विषय निवडताना. अकाउंटन्सी आणि बिझनेस स्टडीज घेतलं आणि हव्या असलेल्या कोर्सला जनरल ॲप्टिट्यूडही हवं होतं, हे निकालानंतर कळतं. फॉर्म भरण्याआधी विद्यापीठाच्या पानावर त्या त्या कोर्सपुढचा विषयसंच वाचा. आणि सीयूईटी दिली म्हणजे विद्यापीठाचा अर्ज झाला असं नाही. कौन्सेलिंगची नोंदणी विद्यापीठाच्या साइटवर वेगळी करावी लागते.

शासकीय आणि संलग्न कॉलेजांसाठी उच्च शिक्षण विभागाचं ई-प्रवेश पोर्टल आहे. नोंदणी, कागदपत्रांची पडताळणी, कॉलेजांचा पसंतीक्रम, वाटप आणि मग ठरलेल्या तारखेच्या आत फी, असा क्रम. वाटप झालं आणि फी वेळेत भरली नाही तर जागा जाते. एमपी ऑनलाइनच्या दुकानदाराला पसंतीक्रम भरू देऊ नका. मोबाइल नंबर आणि पासवर्ड स्वतःचाच ठेवा. बारावीच्या गुणपत्रिकेवरचं आणि आधारवरचं नाव जुळत नसेल, "जोशी" आणि "जोषी" असा फरक जरी असला, तर मे महिन्याच्या आत दुरुस्त करून घ्या.

खासगी विद्यापीठं उज्जैन रोड, राऊ, पिगडंबर अशी शहराबाहेर आहेत आणि ती फोन करून करून प्रवेश देतात. "आज दहा हजार भरा, स्कॉलरशिप उद्या संपते" हा नेहमीचा डाव. स्कॉलरशिप पहिल्याच वर्षाची असते की तिन्ही, आणि टिकवायला किती सीजीपीए (सरासरी श्रेणीगुण) लागतो, हे लेखी घ्या. मूळ कागदपत्रं कुणालाही ठेवून घेता येत नाहीत, यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) तसा नियम आहे. फी परतीचं यूजीसीचं त्या वर्षाचं धोरणही वाचून ठेवा. सुदामा नगर किंवा तिलक नगरहून रोज जाऊन-येऊन तीन तास लागणार असतील तर वर्षाच्या १८० दिवसांत ५४० तास बसमध्ये जातात. तेवढ्या तासांत फाउंडेशनचा एक पेपर आरामात पक्का होतो.

या सगळ्याच्या वर, बी.कॉम. आणि बीबीए सोडून, एक तिसरा पर्याय असतो, आयआयएम इंदूरचा पाच वर्षांचा आयपीएम हा बारावीनंतरचा व्यवस्थापन कोर्स, २०११ पासूनचा. त्याची आयपीएमॅट ही वेगळी प्रवेश परीक्षा, तिची तयारी अकरावीपासून लागते, तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडायची सोयही आहे. गणित आणि इंग्रजी दोन्ही पक्कं असेल तर द्यावी. निकालाच्या महिन्यात आठवण झाली तर सोडून द्यावी.

चौथं वर्ष घ्यायचं का

तीन वर्षांनी १२० क्रेडिटवर पदवी, चार वर्षांनी १६० क्रेडिटवर ऑनर्स. पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के असतील तर ऑनर्स विथ रिसर्च. संशोधन, प्राध्यापकी किंवा सोळा वर्षांचं शिक्षण मागणारी परदेशी विद्यापीठं डोळ्यासमोर असतील तर चौथं वर्ष कामाचं. दोन वर्षांचा एमबीए करायचा असेल तर त्याने एमबीए काही लहान होत नाही, तेव्हा ते वर्ष नोकरीत काढणं बरं.

प्रवेशानंतर चूक कळली तर

पहिल्या सेमिस्टरच्या आतच कळतं. बीबीएवाल्याला हिशोब आवडायला लागला, किंवा बी.कॉम.वालीला जर्नल एन्ट्री पाहून कंटाळा येतो पण कॉलेजच्या मेळ्यात स्टॉल तिनेच चालवला. अशा वेळी कोर्स बदलायचा तर पहिल्या वर्षाच्या शेवटी बदला, मध्येच नको. क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा झाले आहेत का ते डिजिलॉकरवर पाहा, नव्या कॉलेजला त्यातले किती ग्राह्य धरणार ते लेखी विचारा. हजेरी सोडून घरी बसल्यास क्रेडिटही जातात आणि वर्षही.

बदलायचं नसेल तर उणीव बाहेरून भरा. बीबीएवाल्याने एखाद्या कर सल्लागाराकडे उन्हाळ्याचे दोन महिने बसून शंभर बिलं टॅलीत चढवावीत, बँक रिकन्सिलिएशन (बँकेचं खातं वहीशी जुळवणं) करावं आणि २बी जुळवावं. सुरुवातीला पैसे मिळणार नाहीत, फार तर पेट्रोल सुटेल. बी.कॉम.वालीने दवा बाजार किंवा कपड्याच्या एखाद्या घाऊक व्यापाऱ्याकडे वसुलीच्या आणि ऑर्डरच्या फोनवर एक सीझन काढावा. उधारी नव्वद दिवसांवर गेलेल्या गिऱ्हाइकाशी संबंध न तोडता पैसे कसे काढायचे, हे तिथे शिकायला मिळतं. दोघांनीही एक्सेलमध्ये पिव्हट टेबल आणि एक्सलुकअप हात न अडखळता येईपर्यंत करावं. इंदुरातल्या फ्रेशरच्या मुलाखतीत बऱ्याच ठिकाणी लॅपटॉप पुढे सरकवून "हे करून दाखवा" म्हणतात, तेव्हा पदवीचं नाव कुणी वाचत नाही.